हुनानच्या शाळेची बाई

आश्लेषाच्या सासूबाईंना आश्लेषा या नावाचीच धास्ती होती. या नक्षत्राची सून सासूच्या जिवावर उठते, असं त्यांना कुणीतरी कधीतरी सांगितलं होतं, आणि असलं काही ऐकून सोडून देणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मुलगी पसंत होती, बी.एड. होती, नागपुरातल्या एका चांगल्या शाळेत इंग्रजी शिकवत होती. पत्रिकेत तिचं नक्षत्र खरं म्हणजे दुसरंच होतं. पण हाक तर रोज मारावी लागणार! म्हणून लग्नात तांदळाच्या ताटात यतीनने अंगठीने ‘मालिनी’ लिहिलं, आणि आश्लेषा एकनाथ देशकर या मुलीचं पहिलं, मधलं, शेवटचं असं सगळं नाव एका संध्याकाळी गेलं. नोंदणीच्या दाखल्यावर मालिनी यतीन कस्तुरे लागलं आणि आयुष्यातला पहिला पासपोर्टही त्याच नावाने निघाला.

तिचे वडील एकनाथराव गणिताचे मास्तर. त्यांनी हे नाव मुद्दाम ठेवलं होतं. आकाशातल्या ताऱ्यांना कुणाच्या सासूशी काय देणंघेणं, असं ते चारचौघांत ठासून सांगत. मांडवात मात्र तेही गप्प बसले. मुलीचं लग्न म्हटलं की भल्याभल्यांची विज्ञाननिष्ठा पंगतीत जाऊन बसते.

ही गोष्ट त्याला चार वर्षं झाल्यावरची, म्हणजे २००७ सालची. अमेरिकेत, शिकागोजवळच्या नेपरव्हिलमध्ये एप्रिल अर्धा सरला तरी बर्फ पडत होता. यतीन शिकागोहून ट्रेनने घरी आला, बूट काढले, जेवला, ताट सिंकमध्ये ठेवलं आणि म्हणाला, “मालिनी, हे वर्क होत नाहीये. आपण उगाच ओढतोय. मी लॉयरशी बोललोय.”

यतीन वाईट नव्हता, असं सगळे म्हणत. दारू नाही, आरडाओरडा नाही, हात उगारणं तर नाहीच. तो यायचा, जेवायचा, लॅपटॉप उघडायचा. चार वर्षांत त्याने तिला “तुला काय वाटतं?” असं एकदाही विचारलं नव्हतं, आणि या गोष्टीची तक्रार कुठल्या तोंडाने आणि कुणाकडे करायची हे तिला कळलं नव्हतं. आताही त्याने विचारलं नाही. “मी तिकीट काढून देईन,” एवढंच म्हणाला. त्याच्या व्हिसावर ती इथे होती. त्या व्हिसावर तिला राहता येत होतं, काम करता येत नव्हतं, आणि राहणंसुद्धा त्याची बायको असेपर्यंतच.

दुसऱ्या दिवशी तिने नागपूरला फोन लावला.

“बाबा, मी परत येऊ का?”

“अगं, विचारतेस काय बेटा? तुझंच घर आहे.”  लगेच पुढे म्हणाले, “फक्त धाकटीचं, दीपाचं लग्न होऊन जाऊ दे. डिसेंबरात आहे. तोवर काढ कसेतरी दिवस तिकडे. पाहुण्यांच्या कानावर गेलं ना, की मोठी नवऱ्याला सोडून आली...”

“मी सोडलेलं नाही, बाबा.”

“तेच ते गं, आशू. लोकांना काय?”

फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. इथे राहायचं नाही, तिथे यायचं नाही. मग माणसाने जायचं कुठे? रडायलासुद्धा एक हक्काची जागा लागते, आणि या घरात रडायचं तर यतीनच्या सोफ्यावर.

चीनची कल्पना प्रतिमाकाकूंच्या डोक्यातली. काकू पंचवीस वर्षं नेपरव्हिलमध्ये होत्या आणि रविवारी लायब्ररीच्या खोलीत मराठी शाळा चालवत. तिथल्या पोरांना ‘ळ’ म्हणायला लावता लावता आश्लेषाचे चार तास बरे जायचे. काकूंना सगळं सांगितल्यावर त्यांनी एकही ‘अरेरे’ काढला नाही. म्हणाल्या, “अगं, आमच्या ऑफिसमधल्या एकीचा मुलगा चीनला जाऊन इंग्लिश शिकवतोय. त्याला स्वतःला धड लिहिता येत नाही. तू तर खरीखुरी टीचर आहेस यार! ते व्हिसा देतात, राहायला जागा देतात. ट्राय तर कर.”

तिने ट्राय केलं. लायब्ररीच्या कॉम्प्युटरवर रोज सकाळी जाऊन बसायची, यतीनच्या ट्रेनच्या वेळेपर्यंत. अमेरिकेतल्या एजन्सींनी दारातूनच परत पाठवलं: जन्माने इंग्रजी बोलणारेच हवेत. चीनमधल्या दलालांना आधी फोटो हवा होता. तिने फोटो पाठवला, तर एकाने अगदी नम्रपणे कळवलं की आपली पात्रता उत्तम आहे, परंतु पालकांना परदेशी चेहरा अपेक्षित असतो. आश्लेषाने ते तीनदा वाचलं. म्हणजे चीनमध्येही ती परकीच असणार होती, फक्त हवी तशी परकी नव्हती! तिला हसू आलं, आणि मग लायब्ररीतल्या त्या शांत खोलीत ते हसू आवरेना, आणि शेवटी ते हसू नव्हतंच हे शेजारच्या म्हाताऱ्याच्या लक्षात आलं, तेव्हा ती बाथरूममध्ये पळाली.

मग तिने दलाल सोडले आणि थेट सरकारी शाळांना लिहायला घेतलं. पत्ते सापडायचे, ई-मेल परत यायची. बीजिंग, शांघाय तर तिला दारात उभं करणार नव्हतेच, म्हणून ती नकाशावर आत आत सरकत गेली; जिथे कुणी गोरा पोरगा आपणहून जाणार नाही अशी गावं शोधत गेली. तुसड्या उत्तरांचंही तिला काही वाटेनासं झालं. निदान उत्तर तरी आलं म्हणायचं.

मे महिन्यात हुनान प्रांतातल्या एका सरकारी माध्यमिक शाळेतून चौ बाईंची मेल आली. परदेशी शिक्षकांचं सगळं काम त्या शाळेत या बाई बघत. त्यांना फोनवरून एक नमुन्याचा तास हवा होता. तिकडे सकाळ म्हणजे इकडे संध्याकाळ, आणि संध्याकाळी यतीन घरात. तेव्हा आश्लेषा प्रतिमाकाकूंकडे गेली. काकूंनी टीव्ही बंद केला, नवऱ्याला वर पिटाळलं आणि स्वतः दाराशी राखण केल्यासारख्या बसल्या.

“वर्गात साठ मुलं आहेत,” चौ बाई सावकाश, जपून इंग्रजीत म्हणाल्या. साठ या आकड्याला याआधीचे उमेदवार दचकले असावेत, कारण त्या जरा थांबल्या.

“माझ्याकडे पासष्ट असायची,” आश्लेषा म्हणाली. “बाई, शेवटच्या बाकावर कोण बसतं?”

पलीकडे वर्गातला गलका ऐकू येत होता. मग चौ बाई हसल्या. “शेवटच्या बाकावर? उंच मुलं. आणि न शिकणारी.”

“मग मला त्यांच्यापासून सुरू करू द्या. फोन तिकडे न्या.”

पुढची वीस-पंचवीस मिनिटं काकूंच्या दिवाणखान्यात एक वेगळीच बाई उभी होती. ती फोनवर प्रश्न विचारत होती, चुकलेल्या उत्तराला शाबासकी देऊन तेच बरोबर करून परत मागत होती, एका न दिसणाऱ्या पोराला “तू! हो, तूच, आत्ता हसलास तो!” म्हणून उभं करत होती, आणि साठ पोरांचा खदखदाट त्या स्पीकरमधून फुटून येत होता. चार वर्षांत आश्लेषाचा आवाज इतका मोठा झाला नव्हता. तिने फोन ठेवला. “काकू, मला हे पाहिजे,” ती म्हणाली. “मला दुसरं काही नको. हे नाही मिळालं तर माझं काही खरं नाही.” काकूंनी तिला चहा दिला. 

शाळेला बाई पसंत पडल्या. पासपोर्ट, पदवी, अनुभवाचं पत्र, आरोग्य तपासणी असं सगळं स्कॅन करून गेलं. आणि मग चौ बाईंची मेल आली. त्या लाजून लाजून लिहीत होत्या, पण मुद्दा सरळ होता. पासपोर्ट मालिनी यतीन कस्तुरे यांचा आहे. पदवी आश्लेषा एकनाथ देशकर यांची आहे. अनुभवाचं पत्रही त्यांचंच. आमच्याकडे लग्नानंतर बायका स्वतःचंच नाव कायम ठेवतात. इतर देशांत आडनाव बदलतं हे आम्हाला माहीत आहे. पण या दोन नावांत एकही शब्द समान नाही. प्रांताचं कार्यालय विचारत आहे, की आपण दुसऱ्या कुणाची पदवी तर वापरत नाही ना?

आश्लेषाने लग्नाचा सगळा इतिहास लिहून कळवला. अंगठी, तांदूळ, ताट, सासूबाई, नक्षत्र. नोंदणीच्या दाखल्यावर जुनं नाव कुठेच नव्हतं, तेव्हा तो पाठवून उपयोग नव्हता. पाठवल्यावर तिला वाटलं, हे वाचून चिनी माणसंच काय, कुणीही म्हणेल की बाई थापा मारते आहे. चौ बाईंचं उत्तर आलं: माझा विश्वास आहे, पण कार्यालयाला कागद लागतो. आई-वडील किंवा पती यांपैकी कुणीतरी शपथेवर लिहून द्यावं, की दोन्ही नावांची बाई एकच. महिनाअखेरच्या आत.

तिने आधी बाबांना फोन केला. तिचं नाव ठेवणारा माणूस! त्याच्याइतकं खात्रीचं कोण?

“अगं, करून दिलं असतं,” एकनाथराव म्हणाले. “पण प्रतिज्ञापत्राला कोर्टात जावं लागेल. आणि दीपाच्या सासऱ्यांचे भाऊ, ते गुरुदत्त वकील, तिथे आवारातच टेबल टाकून बसतात. मी कशाला आलो, काय लिहून घेतोय... एका दिवसात सगळीकडे होईल, बेटा.”

“बाबा, मी तुमची मुलगी आहे एवढंच लिहायचंय.”

“ते मला कळत नाही का?” एकनाथराव एकदम चिडून म्हणाले. मग आवाज खाली गेला. “यतीनरावांना सांग ना. त्यांची एक सही. त्यात त्यांचं काय जातंय?”

यतीनचं काहीच जात नव्हतं, आणि तसं तो म्हणालाही. “शुअर. साइन करतो. नो इश्यू.” लॅपटॉपवरून नजर न काढता म्हणाला. आश्लेषाच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं तिला हलकं वाटलं. मग तो म्हणाला, “एक काम कर. माझ्या पेपरवर पण तुझी साइन लागेल. लॉयरने ड्राफ्ट केलाय. की तू घर स्वतःहून सोडलंस. जॉबसाठी. मी थांबवायचा ट्राय केला, पण तू ऐकलं नाहीस.”

“हे खोटं आहे, यतीन.”

“टेक्निकली तू चाललीच आहेस ना?”

“तू जा म्हणालास म्हणून!”

“मालिनी, प्लीज. ड्रामा नको. असं लिहिलं की लवकर होईल.” मग थोडा अडखळला. “आणि आईला पण जरा... तिला तिकडे लोकांना फेस करावं लागतं.”

तर ते असं होतं. नागपुरात सासूबाईंना चारचौघांत तोंड वर करून सांगायला हवं होतं, की आमच्या मुलाने नाही, तिने टाकलं. आश्लेषाला संताप आला. ताट भिंतीवर आपटावंसं वाटलं. तिने ते धुतलं, पुसलं, जागेवर ठेवलं. संताप करायला पायाखाली जमीन लागते. चौ बाईंचा महिना संपत आला होता.

“कधी जायचं?” तिने विचारलं.

इथल्या बँकेत शिक्का मारायला एक बाई बसलेली असते. ती तुमची ओळख बघते, तुम्हाला शपथ घालते, समोर सही करून घेते. शनिवारी सकाळी दोघं तिच्यासमोर बसले. आधी यतीनचा कागद. त्याने वाचला आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“हे बघ. ‘मी तिला लग्नाआधी आश्लेषा देशकर या नावाने ओळखत होतो.’ पण मी तुला त्या नावाने कधी बोलावलंच नव्हतं ना?”

“नाही,” ती म्हणाली. “एकदाही नाही.”

“मग शपथेवर कसं लिहू?” तो खरंच विचारत होता. खोट्या कागदावर तिची सही घ्यायला निघालेल्या या माणसाला स्वतःच्या कागदातली ही एवढी बारीकशी गोष्ट बोचत होती! आश्लेषा त्याच्याकडे बघत राहिली. तिला पहिल्यांदाच त्याची कीव आली, आणि भीतीही वाटली. आता हा उठून गेला तर?

“बायोडेटावर होतं,” ती अगदी हळू म्हणाली. “तू वाचला होतास. पोहे खाताना तुझ्या हातात होता.”

यतीनने आठवून पाहिलं. “हां. राइट,” तो म्हणाला आणि त्याने सही केली.

मग तिचा कागद पुढे आला. यातलं सर्व खरं आहे अशी शपथ घेता का, असं बँकेतल्या बाईने हसून विचारलं. आश्लेषाने उजवा हात वर केला. “हो,” म्हणाली. खाली नाव लिहायचं होतं मालिनी कस्तुरे, ते तिने लिहिलं. बाईने दोन्ही कागदांवर एकच शिक्का मारला. यतीनच्या कागदावर चीनचं नाव पाहून ती खूष झाली. “चायना! हाउ एक्सायटिंग!” म्हणाली. बाहेर पार्किंगमध्ये यतीनने तिला घरी सोडू का विचारलं. ती चालत गेली.

कागद हुनानला पोचला. चौ बाईंनी तो प्रांताच्या कार्यालयात नेला. दिवस जात राहिले. आश्लेषा लायब्ररीत जाऊन चिनी शिकायचं पुस्तक घेऊन बसायची आणि त्यातलं एक अक्षर डोक्यात शिरायचं नाही. नाही म्हणाले तर? तिच्याकडे दुसरं काहीच शिल्लक नव्हतं. जे होतं ते तिने सही करून देऊन टाकलं होतं.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात सकाळी फोन वाजला. ती धावली. बाबा होते. ते कधीच आपणहून फोन करत नसत.

“तू लिहून दिलंस?” एकनाथराव म्हणाले. नमस्कार नाही, कशी आहेस नाही. “यतीनच्या आईने तो कागद दाखवला. हळदीकुंकवात! बायका जमवून! तुझी सही, शिक्का... तू नवऱ्याला टाकून चीनला चाललीस म्हणून.”

“बाबा, मला त्याची सही हवी होती. तुम्ही दिली असती तर...”

“दीपाच्या सासरची माणसं काल घरी आली होती.” ते तिचं ऐकत नव्हते, किंवा ऐकून पुढे जात होते. “लग्न मोडणार नाही म्हणाले. चांगली माणसं आहेत. पण म्हणाले, मोठीचा आणि या घराचा संबंध नको. लग्नात नको, नंतर नको.”

“आणि तुम्ही काय म्हणालात?”

 मागे कुठेतरी आई रडत होती, ते आश्लेषाला ऐकू आलं.

“डिसेंबरनंतर येऊ ना मी, बाबा? लग्न झाल्यावर? रात्रीची येईन, कुणाला दिसणार नाही.”

“आशू,” एकनाथराव म्हणाले, “तू आता इकडे नको येऊस.” ते रडत होते. पण जे म्हणाले ते त्यांनी मागे घेतलं नाही.

त्या दिवशी ती लायब्ररीत गेली नाही. प्रतिमाकाकू येऊन बसल्या, खिचडी करून गेल्या. खिचडी तशीच राहिली.

संध्याकाळी चौ बाईंचा फोन आला. तिकडे सकाळ होती. मागे पोरांचा गलका होता, घंटा वाजत होती, आणि चौ बाईंच्या जपून बोलण्यात आज धांदल होती.

“अभिनंदन! कार्यालयाने मान्य केलं. तुम्ही एकच आहात!” त्या स्वतःच हसल्या. “शेवटच्या बाकावरची मुलं रोज विचारतात, ती फोनमधली बाई कधी येणार. मी सांगितलं, एक सप्टेंबर. बरोबर ना?”

“बरोबर,” आश्लेषा म्हणाली. भिंतीला टेकून ती खाली फरशीवर बसली. मिळालं होतं. जे मागितलं ते मिळालं होतं, आणि तिला आनंदाने हुंदका आला, तो तिने हाताने तोंडातच दाबला.

“एकच गोष्ट राहिली आहे,” चौ बाई म्हणाल्या. “आज करार छापायचा आहे. वर्ष संपलं की शाळा शिक्षकाला त्याच्या घरी जायचं विमानाचं तिकीट देते. नियम आहे. त्यात गावाचं नाव लिहावं लागतं. मी काय लिहू?”

“ते रिकामं ठेवलं तर चालेल का?”

“नाही चालत. कुठलं तरी गाव हवंच.” मग, जरा काळजीने, “घर लांब असलं तरी हरकत नाही. शाळा देते. कुठलं गाव, मालिनी?”

आश्लेषाने बोलायला तोंड उघडलं. चौ बाई पेन हातात धरून थांबल्या होत्या. तिला एकाही गावाचं नाव घेता येईना.